२८८ मीटर आणि एक मोजपट्टी: सोसायटीच्या पाण्याच्या हिशेबाचे चौदा महिने

पुण्याच्या पश्चिम उपनगरातील आमच्या सोसायटीने २०२४ च्या जानेवारीत प्रत्येक सदनिकेला पाण्याचे मीटर बसवले. तीन इमारती, प्रत्येकी आठ मजले, एकूण ९६ सदनिका आणि सुमारे ३४० रहिवासी एवढा आमचा पसारा आहे. महापालिकेचे पाणी, एक बोअर आणि टँकर अशा तीन वाटांनी येणाऱ्या पाण्यावर आमचे भागते. व्यवस्थापक समितीत पाण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे चौदा महिन्यांचे रोजचे आकडे माझ्या नजरेखालून गेले आहेत. मीटर बसवावेत की नाही, अशी विचारणा आसपासच्या सोसायट्यांकडून वारंवार होते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी कोणत्याही कंपनीच्या मीटरला लागू पडतील.

जुलै महिन्यात पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून किती टीएमसी साठा झाला, हे आमच्या कट्ट्यावरच्या कोणालाही विचारले तरी तोंडपाठ असते. परंतु आपल्या इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीतून रोज किती पाणी वर चढते, हे २०२३ पर्यंत समितीलाही सांगता येत नव्हते. टँकरचे बिल वाढले की सर्वसाधारण सभेत एकमेकांकडे बोटे दाखवली जात. गाड्या धुणारे, रोज दोन वेळा कपड्याचे मशीन लावणारे, भाडेकरू विद्यार्थी असे नेहमीचे आरोपी ठरलेले होते. मीटर बसवण्याचा ठराव मंजूर झाला, तोही या आरोपींना पकडण्याच्या हेतूनेच, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पहिला धक्का मीटरच्या संख्येचा होता. सदनिका ९६ असल्या तरी मीटर २८८ लागले. आपल्याकडील बहुतेक जुन्या इमारतींप्रमाणे आमच्याकडेही सदनिकेत पाणी एका ठिकाणाहून येत नाही. गच्चीवरच्या टाकीतून निघालेले उभे नळ वेगवेगळ्या डक्टमधून खाली उतरतात आणि दोन्ही स्नानगृहांना स्वतंत्र, तसेच स्वयंपाकघर व ड्राय बाल्कनीला मिळून एक, असे तीन जोड प्रत्येक सदनिकेला आहेत. त्यामुळे जो खर्च आम्ही सदनिकेमागे एका मीटरचा धरला होता, तो तिप्पट झाला. बसवणावळीसह एका मीटरला ४,२०० रुपये पडले, म्हणजे सदनिकेमागे १२,६०० आणि एकूण १२ लाख ९ हजार ६०० रुपये. याखेरीज महापालिकेच्या जोडावर, बोअरवर आणि तिन्ही इमारतींच्या टाक्यांवर पाणी चढवणाऱ्या लाइनींवर मिळून पाच मोठे मीटर बसवले. त्यांचा सर्व खर्च ७२ हजारांच्या आसपास झाला.

पहिल्या महिन्याचा ताळेबंद मांडला, तेव्हा सोसायटीत रोज सरासरी ७४ हजार लिटर पाणी येत होते आणि सर्व सदनिकांच्या मीटरची बेरीज ५८ हजार लिटर भरत होती. मधल्या सोळा हजार लिटरांना कोणीच वाली नव्हता. सांडपाणी वाहिन्या असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या सीपीएचईईओ या यंत्रणेच्या मार्गदर्शिकेत माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण धरलेले आहे. त्या हिशेबाने ३४० माणसांना सुमारे ४६ हजार लिटर पुरायला हवे होते. सदनिकांचा वापर त्याहून जास्त होताच, पण आधी शोधायचे होते ते हे हरवलेले पाणी. त्यापैकी बाग, जिने आणि वाहने धुणे यांचा वाटा साडेतीन हजार लिटरांचा निघाला.

पुढचे उत्तर मोठ्या मीटरनी दिले. तिन्ही इमारतींत ३२-३२ सदनिका असूनही ‘ब’ इमारतीच्या टाकीवर इतर दोघींपेक्षा रोज सुमारे सहा हजार लिटर जास्त पाणी चढत होते, आणि त्या इमारतीतील सदनिकांच्या मीटरवर मात्र ते दिसत नव्हते. गच्चीवर जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. टाकीतील लेव्हल सेन्सर, म्हणजे टाकी भरली की पंप बंद करणारा, अडकून बसला होता, रखवालदार सवयीच्या वेळेनुसार पंप चालू-बंद करत होता, आणि टाकी भरल्यावरही सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे पंप चालू राहत होता. मिनिटाला दीडशे लिटर या हिशेबाने सहा हजार लिटर सरळ वाहून जात. इतकी वर्षे हे कोणाला दिसले नाही, कारण बांधकामाच्या वेळीच ओव्हरफ्लोचा नळ पावसाच्या पाण्याच्या नळाला जोडून टाकलेला होता. तो आता वेगळा काढून प्रवेशद्वारासमोर उघड्यावर सोडला आहे. टाकी वाहिली की खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पाणी पडते आणि तक्रार तत्काळ येते.

जमिनीखालच्या टाकीची गळती मात्र मीटरने नव्हे, मोजपट्टीने सापडली. रात्री अकराला येणारे व जाणारे सगळे कॉक बंद केले, पाण्याची पातळी लिहून ठेवली आणि पहाटे पाचला पुन्हा मोजली. सहा तासांत पातळी चार सेंटिमीटरने उतरली होती. टाकी सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आहे, म्हणजे चार सेंटिमीटर म्हणजे १,२०० लिटर आणि दिवसाचे ४,८०० लिटर. टाकी रिकामी करून, धुऊन पाहिल्यावर नळ भिंतीत शिरतो त्या ठिकाणचा सांधा फुटलेला आढळला. दुरुस्तीला दोन दिवस आणि ज्येष्ठ सभासदांची भरपूर नाराजी एवढेच लागले.

तीच मोजपट्टी टँकरलाही लावली. दहा हजार लिटरचा टँकर आमच्या टाकीत रिकामा झाला, तर पातळी साधारण ३३ सेंटिमीटरने वर यायला हवी. ती कधी २९ तर कधी ३० सेंटिमीटरच येत असे. म्हणजे प्रत्येक खेपेला हजार-बाराशे लिटर पाणी कागदावरच उतरत होते. पुरवठादाराशी भांडण न करता आम्ही फक्त टँकर रिकामा होताना पंप बंद ठेवून चालकासमोर पातळी लिहू लागलो, आणि त्याची सही घेऊ लागलो. तिसऱ्या आठवड्यापासून पातळी ३२ च्या खाली आली नाही.

आता सदनिकांच्या मीटरविषयी. त्यांची माझ्या मते सर्वांत उपयुक्त बाजू महिन्याचा आकडा ही नसून पहाटे दोन ते चार या वेळेतील आकडा ही आहे. त्या वेळेत घरातील मीटर शून्यावर थांबायला हवा. आमच्याकडे चौदा सदनिकांचा मीटर रात्रभर फिरतच होता. त्यांतील अकरा ठिकाणी दोष फ्लशच्या टाकीतील झडपेचा होता. टाकीत खाण्याचा रंग टाकायचा, पंधरा मिनिटे फ्लश वापरायचा नाही, आणि भांड्यात रंग उतरला की झडप गळते असे समजायचे, ही चाचणी इतकी सोपी आहे की ती करण्यासाठी मीटरची वाट पाहण्याचेही कारण नव्हते. एक सदनिका तर कुलूपबंद होती. मालक परदेशात, आणि मीटरवर तासाला चाळीस लिटर. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती म्हणून बरे, नाहीतर रोजचे ९६० लिटर पाणी रिकाम्या घरातून गटारात जातच राहिले असते.

दुसरी गोष्ट आम्हाला अगदी अनपेक्षित होती. पहिल्या व दुसऱ्या मजल्यावरील सदनिकांचा वापर वरच्या मजल्यांपेक्षा सातत्याने जास्त येत होता, आणि त्यावरून खालच्या मजल्यावरच्या सभासदांना टोमणे ऐकावे लागले. खरे कारण दाबाचे होते. टाकीपासून दहा मीटर खाली उतरल्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब वाढतो, आणि दाब चौपट झाला की तोच नळ तितकाच उघडला तरी धार दुप्पट येते. अर्धा मिनिट हात धुणाऱ्या दोन माणसांपैकी खालच्या मजल्यावरचा माणूस काहीही अपराध न करता जास्त पाणी वापरतो. आम्ही खालच्या चार मजल्यांच्या नळांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवले, आणि सर्व बेसिनच्या, स्वयंपाकघराच्या व ड्राय बाल्कनीच्या नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या, लावले. साध्या नळातून मिनिटाला दहा लिटरहून अधिक पाणी सहज पडते. एरेटरने ते जवळजवळ निम्म्यावर आले. भांडी घासणाऱ्या मावशींनी पहिल्या आठवड्यात धार पुरत नाही अशी तक्रार केली, ती रास्त होती. त्यामुळे ड्राय बाल्कनीतील नळांचे एरेटर आम्ही काढून टाकले.

मीटरचे दोषही सांगितले पाहिजेत. आमचे मीटर यांत्रिक, म्हणजे आत चाक फिरणारे आहेत. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरू लागली की नळातली हवा त्या चाकातून जाते आणि पाणी नसताना आकडा पुढे सरकतो. मे महिन्यात पाणीकपातीच्या दिवशी बिल वाढल्याची तक्रार घेऊन सहा सभासद आले, तेव्हा त्यांना उत्तर देणे कठीण गेले. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या मीटरमध्ये फिरता भाग नसतो आणि रिकाम्या नळात ते मोजणी करत नाहीत. पण त्यांची किंमत आम्हाला झेपणारी नव्हती. आता आम्ही टाकी तळापर्यंत उतरूच देत नाही, हाच त्यावरचा तोडगा आहे. शिवाय आडव्या नळासाठी असलेला हा मीटर उभ्या नळावर बसवला तर त्याची अचूकता घटते, ही गोष्ट बसवणाऱ्या कामगारांनी कंटाळून डक्टमध्ये काही ठिकाणी पाळली नव्हती. वीस लिटरच्या बादलीने पाच वेळा पाणी मोजून आम्ही संशयित अकरा मीटर तपासले, त्यांतील दोन पाच टक्क्यांहून अधिक चुकत होते आणि दोन्ही उभे बसवलेले होते. टँकरच्या पाण्यातील रेतीने मीटरच्या तोंडाची जाळी तुंबते, ती दर दोन महिन्यांनी साफ करावी लागते. हे काम करारात कोणाकडे आहे ते आधीच लिहून घ्यावे. मोबाइलवरील ॲपविषयी एवढेच सांगतो की वीज गेली की आकडे पोहोचत नाहीत, आणि म्हणून रखवालदाराच्या टेबलावरची जाड नोंदवही आजही चालू आहे. पाच मोठ्या मीटरचे आकडे त्यात रोज सकाळी सहाला लिहिले जातात.

बिलाचा विषय सर्वांत नाजूक ठरला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार सदनिकेतील नळजोडांची एकूण संख्या व आकार यांवरून धरलेला आहे. मीटरप्रमाणे आकारणी करायची तर समितीच्या ठरावाने भागत नाही. उपविधीतील दुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून निबंधकांकडे नोंदवून घ्यावी लागते. यात आमचे कित्येक महिने गेले. आता निम्मा खर्च पूर्वीप्रमाणे नळजोडांवर आणि निम्मा मीटरवर आकारला जातो. सात माणसांचे घर आणि दोन माणसांचे घर यांना दराचा एकच टप्पा लावणे अन्यायाचे आहे, हे मला पटते. पण घरोघरी डोकी मोजत फिरणे त्याहून अवघड आहे. अंथरुणाला खिळलेला रुग्ण असलेल्या घरांना सवलत द्यावी, ही एका सभासदाची सूचना मात्र एकही विरोध न होता मंजूर झाली.

एक सावधगिरी इथे नोंदवतो. तासागणिक आकडे समितीच्या हाती असले, तर कोणते घर रिकामे आहे आणि कोण किती वाजता उठतो हे सहज कळते. सुरुवातीला मी स्वतःही हे आकडे कुतूहलाने पाहत असे, आणि एका महिला सभासदाने सभेत ही बाब विचारली तेव्हा मला ओशाळल्यासारखे झाले. आता समितीला केवळ दिवसाची बेरीज आणि पहाटेच्या दोन तासांत मीटर थांबला की नाही एवढेच दिसते. तपशील फक्त त्या सदनिकेच्या मालकाला दिसतो.

चौदा महिन्यांनंतर सोसायटीत येणारे पाणी ७४ हजारांवरून ५१ हजार २०० लिटरवर आले आहे. सदनिकांचा वापर ५८ वरून ४७ हजारांवर, म्हणजे माणशी १३८ लिटरवर उतरला. ही बचत रोजची २२ हजार ८०० लिटर, म्हणजे दोन टँकरहून अधिक आहे. मात्र त्यातले १० हजार ८०० लिटर गच्चीवरचा ओव्हरफ्लो आणि टाकीची गळती यांतून वाचले, आणि त्यासाठी ७२ हजारांचे पाच मीटर, एक मोजपट्टी व नोंदवही पुरेशी होती. बारा लाखांच्या २८८ मीटरच्या वाट्याला उरलेली अर्धी बचत येते, आणि तीही झडपा, दाब व एरेटर यांची कामे केली म्हणून. त्यामुळे जे विचारतात त्यांना मी सांगतो की आधी मोठे मीटर बसवा, सहा महिने रोज आकडे लिहा, आणि सदनिकांच्या मीटरचा ठराव त्यानंतर सभेपुढे आणा. ज्या नव्या इमारतीत सदनिकेला एकच जोड आहे, तिथे हा क्रम बदलायला हरकत नाही.

रोजचे सुमारे सातशे लिटर अजूनही ताळेबंदात जुळत नाहीत. थेंब थेंब गळणाऱ्या नळांचे पाणी यांत्रिक मीटरच्या चाकाला हलवत नाही, त्यामुळे त्यातला काही भाग तिथे असणार. उरलेल्यासाठी ‘क’ इमारतीच्या टाकीची पातळी येत्या रविवारी रात्री कॉक बंद करून मोजायची आहे.