काच काढलीच नव्हती

माझ्याकडे १९७०च्या दशकातली एक दोन दरवाज्यांची गाडी आहे. टपावर काळं व्हिनाइल आणि त्याच्या कडेने, मागच्या काचेभोवती चकचकीत पट्टी. त्या काळात, विशेषतः अमेरिकन गाड्यांवर, व्हिनाइलचा टप म्हणजे थाट होता. कापडी छपराच्या उघड्या गाडीचा भास व्हावा म्हणून साध्या पत्र्यावर हे चिकटवायचे. दिसतं झोकदार, पण व्हिनाइलच्या पाठीला कापड असतं. पट्टीखालून किंवा शिवणीतून पाणी शिरलं की ते कापड ओल्या फडक्यासारखं पत्र्याला लगटून बसतं, आणि वर प्लास्टिक असल्यामुळे उन्हातही लवकर वाळत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत खालचा पत्रा कारखान्यातच नीट रंगवलेला नसायचा. झाकलाच जाणार, तर रंगवायचा कुणासाठी?

माझ्या डिकीत पाणी यायला लागलं. स्टेपनीच्या खळग्यात दरवेळी तांब्याभर तरी निघायचं, आणि मागच्या सीटला असा कुबट वास की कुणाला गाडीत बसवायची लाज वाटावी. मागच्या काचेच्या खालच्या कडेला व्हिनाइल फुगलं होतं. बोटाने दाबलं तर आत कुरकुर आवाज यायचा. तो गंजाचा पापुद्रा.

जुन्या गाड्यांचं काम करतो असं सांगणारा एक जण भेटला. बोलणं अगदी जाणकाराचं. पट्ट्या न वाकवता उतरवणार, व्हिनाइल काढणार, पुढची-मागची काच बाहेर घेणार, गंज पत्र्यापर्यंत घासणार, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणार, त्यावर गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर, मग रंग. दारांच्या काचा टपाला जिथे टेकतात तिथली रबरं नवी. व्हिनाइल परत लावायचं नाही, हे मीच ठरवलं होतं. मागची काच टफन केलेली असते, कडेला नुसता टोला बसला तरी तिचे मिठासारखे खडे होतात, म्हणून काच काढायच्या जोखमीचे पैसे त्याने वेगळे लावले. कारण खरं होतं, त्यामुळे मला ते पटलंही.

निम्मे पैसे आधी, उरलेले कामाचे फोटो पाहून. मला वाटलं, आपण मोठे हुशार. बघायला येऊ का विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘साहेब, रंगाचं काम चाललंय, धूळ उडते, नका येऊ.’ फोटो मात्र आले. उघडा पत्रा, काचेच्या जागी मोकळा चौकोन. मी अंगठा पाठवला आणि मागोमाग पैसे.

गाडी आली तेव्हा टप आरशासारखा होता. मी चार जणांना बोलावून दाखवला. पहिल्या जोराच्या पावसात डिकी पुन्हा ओली.

मग त्याची उत्तरं सुरू झाली. ‘नवं रबर बसायला वेळ घेतं.’ ‘पाणी टपातून नाही, दारातून येतंय.’ आणि शेवटी, ‘जुनी गाडी म्हटलं की थोडी गळणारच.’ एकदा येऊन त्याने पट्टीच्या कडेने सिलिकॉनची नळी पिळली. आंबट, व्हिनेगरसारखा वास सुटला होता. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही. असा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ते लोखंडाला खातं, आणि सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंगही धरत नाही. बाथरूमच्या फरशीला ते ठीक, गाडीच्या पत्र्याला नाही.

काही महिन्यांत काचेखालच्या रंगावर फोड आले. गाडी दुसऱ्या कारागिराकडे नेली. हा माणूस कमी बोलणारा. त्याने खिशातून चुंबक काढलं, रंगावर ओरखडा नको म्हणून फडक्यात गुंडाळलं आणि टपावर फिरवलं. टपाच्या मध्यावर ते चिकटत होतं. मागच्या कोपऱ्यांवर आणि काचेखाली सरळ घसरून पडलं, म्हणजे तिथे रंगाखाली पत्रा नव्हे, जाड पुट्टी. मग बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं. मध्ये पत्र्याचा टणटण आवाज, कोपऱ्यात भिंतीसारखा ठप्प. एवढं मलाही गाडी ताब्यात घेताना करता आलं असतं.

पट्टीला त्याने हात लावला तर ती हातातच आली. मुळात काचेच्या गाळ्यात, म्हणजे काच बसते त्या खोबणीत, पत्र्याला छोट्या खुंट्या वेल्ड केलेल्या असतात, त्यांच्यावर प्लास्टिकच्या क्लिपा आणि क्लिपांवर पट्टी बसते. पट्टी उतरवायला एक चपटं हत्यार मिळतं, ते खाली सरकवून एकेक क्लिप सोडवायची. आमच्या पठ्ठ्याने स्क्रूड्रायव्हरने उचकटली होती, दोन ठिकाणी पीळ पडला होता. खुंट्या ग्राइंडरने साफ उडवल्या होत्या आणि पट्टी दुतर्फी टेपवर चिकटवली होती.

पट्टीखाली काच चिकटवणारं जुनंच रबरासारखं ब्युटाइल सीलंट होतं, कडक होऊन भेगाळलेलं, त्यावर वर्षानुवर्षांची माती. म्हणजे काच जागेवरून हललीच नव्हती. जोखमीचे वेगळे पैसे कशाचे, तर न काढलेल्या काचेचे! काच काढून पाहिली तेव्हा गाळ्याच्या तळाला आरपार भोकं होती, त्यांवर ॲल्युमिनियमची जाळी आणि वर बोटभर जाड पुट्टी. ही पुट्टी पाणी शोषते. मागून ओल लागत राहिली की गंज तिच्या आडून आणखी पसरतो.

आणि ते फोटो? घरी येऊन पुन्हा पाहिले. काचेच्या मोकळ्या चौकोनातून आतलं दिसत होतं, आणि त्या गाडीला टपाचं आतलं अस्तरच नव्हतं. माझ्या गाडीला ते आजही आहे, मीच दोऱ्याने शिवलेल्या फाटक्या जागेसकट. माझ्या हातची शिवण फोटोत नाही, हेही मला कळू नये! नंबरप्लेट एकाही फोटोत नव्हती. आता प्रत्येक टप्प्याच्या फोटोत नंबरप्लेट आणि काम एकाच चौकटीत मागतो, आणि पुट्टी लागण्याआधी उघडा पत्रा स्वतः जाऊन बघतो. जो ‘येऊ नका’ म्हणेल त्याच्याकडून गाडी उचलायची.

पहिल्याकडे पैसे परत मागितले तर त्याने बिलावर बोट ठेवलं. बिलात एकच ओळ होती, ‘टपाचं काम पूर्ण’. काच काढणे, वेल्डिंग, रबर, काहीच वेगळं लिहिलेलं नाही. भांडणार कशावरून? तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्याने गाळ्यात नवा पत्रा लावला, जोडांना सीम सीलर भरला, खुंट्या पुन्हा वेल्ड केल्या. अस्तर आणि सीट बसवायच्या आधी मला टॉर्च देऊन डिकीत बसवलं आणि बाहेरून पाइपने पाणी सोडलं. सुरुवात काचेच्या खालच्या कडेपासून, एका जागी काही मिनिटं, मग जरा वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरतंय ते कळत नाही. डाव्या कोपऱ्यात एक थेंब आला. त्याने तो कोपरा पुन्हा उकलला. माझ्याकडून पैसे त्यानंतर घेतले.

जाताना त्याने न मागता एक पिशवी हातात दिली. काढलेले सगळे जुने भाग. त्यात दारांवरची ती ‘नवी’ रबरं होती. वाकवली की तडकत होती, आणि बोटांना काळं पॉलिश लागत होतं.