दाखवले सिलिकॉन, दिले प्लास्टिक : स्ट्रेटनरच्या पाऊचमध्ये झालेली फसवणूक

इंदूरच्या लोकमान्य नगरात, घराच्या पुढच्या खोलीत, मी गेली नऊ वर्षे पार्लर चालवते. माझ्याकडे केस सरळ करायचे दोन स्ट्रेटनर, कुरळे करायची एक कर्लिंग टाँग, बारीक नागमोडी करायचा एक क्रिम्पर आणि दोन ड्रायर आहेत, आणि एका ग्राहकाचे काम संपवून दुसऱ्याकडे वळताना ही तापलेली उपकरणे ठेवायची कुठे, हा दहा बाय बाराच्या खोलीत रोजचाच प्रश्न असतो. स्ट्रेटनरच्या प्लेटा केसांच्या जातीप्रमाणे साधारण 150 ते 230 अंश सेल्सिअसपर्यंत तापवाव्या लागतात, आणि बटण बंद केल्यावरही त्या पंधरा-वीस मिनिटे तरी हात लावण्याजोग्या नसतात. माझ्या ट्रॉलीचे तिन्ही ट्रे प्लास्टिकचे आहेत. त्यामुळे इतकी वर्षे मी आरशाखालच्या कट्ट्यावर कोटा लादीचा एक तुकडा ठेवून त्यावरच सगळे काम भागवत होते. ती लादी सासूबाईंनी ओट्याच्या कामातून उरलेली म्हणून दिली होती. दिसायला ओबडधोबड असल्याने मला तिची थोडी लाजच वाटत असे, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ, खरे सांगायचे तर, त्या लाजेतच होते.

तुळशीची लग्ने झाली की आमच्याकडे लग्नसराईची कामे सुरू होतात. त्याच सुमारास पार्लरचे सामान दारोदार विकणारा एक विक्रेता आला. त्याने पिशवीतून राखाडी रंगाचे एक पाऊच काढले. ते उलगडले की चटई होत होती आणि दुमडले की स्ट्रेटनर आत सरकवण्याजोगा खिसा. माझाच स्ट्रेटनर त्याने 200 अंशांवर लावून त्यात ठेवला, पाच मिनिटांनी बाहेर काढला आणि पाऊच माझ्या हातात दिले. त्यावर साधा डागही नव्हता. मग त्याने लायटरची ज्योत त्याच्या कडेला क्षणभर धरून दाखवली, तरी काही झाले नाही. "दीदी, प्योर सिलिकॉन है, गरम का गरम रख दो, कुछ नहीं होगा," असे म्हणून त्याने ते नमुन्याचे पाऊच परत आपल्या पिशवीत टाकले आणि मला सीलबंद पाकिटे दिली. हातातला नमुना परत घेऊन पाकीट पुढे करण्याची ती हालचाल इतकी सहज होती की तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही.

मी 550 रुपयांप्रमाणे तीन पाऊच आणि 1,200 रुपयांचा, भिंतीला चिकटवायचा उपकरणांचा स्टँड, असे 2,850 रुपयांचे सामान घेतले. पैसे यूपीआयने दिले आणि ते दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यात गेले. बिल मागितल्यावर त्याने 'एस्टिमेट' छापलेल्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली, ज्यावर ना जीएसटी क्रमांक होता ना दुकानाचा धड पत्ता. कच्चे बिल घेऊन गप्प बसण्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की मीही ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकून मोकळी झाले.

स्टँडविषयी फार लिहिण्यासारखे नाही. डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला तो स्टँड तिसऱ्या दिवशी ड्रायरसकट, भिंतीच्या रंगाचा पापुद्रा घेऊन, खाली आला. एखादे चिकटवायचे सामान भिंतीवर टिकले नाही तर ती माझीही चूक असू शकते, म्हणून त्याबद्दल मी त्या माणसाला दोष दिला नाही. पाऊचची गोष्ट मात्र वेगळी होती.

त्या आठवड्यात एका मुलीच्या हळदीची तयारी होती. तिचे केस जाड असल्याने मी 210 अंशांवर काम केले, पिन काढली आणि विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे स्ट्रेटनर गरम असतानाच पाऊचमध्ये सरकवला. काही मिनिटांत नाकात झोंबणारा, डोळ्यांना पाणी आणणारा वास खोलीभर पसरला. आधी मला वाटले की ड्रायरची वायर जळते आहे, म्हणून मी बोर्डाकडे धावले आणि तेवढ्यात माझ्या मदतनीस मुलीने पाऊच उचलले. त्याचा तळ डिंकासारखा ओघळत होता आणि त्यातला एक ओघळ तिच्या तर्जनीला चिकटला. तिचे बोट मी नळाच्या साध्या पाण्याखाली मोजून वीस मिनिटे धरले. शेजारच्या काकू बर्फ आणि टूथपेस्ट घेऊन आल्या होत्या, पण भाजलेल्या जागेवर या दोन्ही गोष्टी लावायच्या नसतात, हे मी प्रशिक्षणाच्या वेळी शिकले होते. फोड आला आणि दहा दिवसांत बरा झाला, परंतु लग्नसराईचे ते दहा दिवस तिला केसांचे काम करता आले नाही.

स्ट्रेटनरच्या दोन्ही प्लेटांवर राखाडी थर बसून घट्ट झाला होता. इथे मी एक मूर्खपणा केला, तो सांगून ठेवते. रागाच्या भरात एका प्लेटवरचा थर मी सुरीने खरवडला आणि त्याबरोबर तिचा सिरॅमिकचा मुलामाही निघाला. नंतर महाराणी रोडवरच्या ज्या कारागिराकडे मी नेहमी ड्रायर दुरुस्तीला देते, त्याने प्लेटवरून बोट फिरवून सांगितले की आता या प्लेटेत केस अडकून तुटतील. 4,200 रुपयांचा स्ट्रेटनर असा गेला.

उरलेली दोन पाऊच मी उघडली आणि नमुन्याची आठवण ताजी असताना नीट पाहिली, तेव्हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. नमुना हाताला मऊ, किंचित जड आणि वास नसलेला होता, तर पाकिटातल्या मालाला नव्या पावसाळी चपलेसारखा वास होता. एक कडा चिमटीत धरून पिळल्यावर ती पांढरी पडली. शुद्ध सिलिकॉन सहसा अशी पांढरी पडत नाही, पण ही परीक्षा पक्की नाही, कारण रंग आणि भेसळीप्रमाणे ती चकवू शकते. म्हणून मी एक बारीक पट्टी कापून, चिमट्यात धरून, गच्चीवर मोकळ्या हवेत पेटवली आणि शेजारी केकच्या जुन्या सिलिकॉनच्या साच्याचा तुकडाही पेटवला. साच्याचा तुकडा जळून पांढरट राख उरली, तर पाऊचची पट्टी काळा धूर सोडत ठिबकली. हे प्लास्टिक बहुधा पीव्हीसी किंवा त्याच जातीचे असावे, जे शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागते. हा प्रयोग बंद खोलीत कुणीही करू नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईडसारखा वायू सुटतो आणि तो घशाला व फुप्फुसांना अपाय करतो. पाकिटातले आतले चंदेरी अस्तरही उष्णता अडवण्यासाठी नव्हते, ती नुसती चकचकीत फिल्म होती.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आपने चालू मशीन रख दी होगी।" मी पिन काढली होती हे सांगितल्यावर त्याने मला समजावले की तुम्ही धंद्यासाठी माल घेतला आहे, तुम्ही ग्राहक होत नाही, कुठेही गेलात तरी तुमचे कुणी ऐकणार नाही. त्यानंतर माझा नंबर त्याच्याकडे लागेनासा झाला. हे वाक्य ऐकून मी दोन दिवस खरोखर गप्प बसले होते, म्हणून माझ्यासारख्या घरी पार्लर, शिवणकाम किंवा डबे चालवणाऱ्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते : 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(7) मध्ये व्यापारासाठी घेतलेला माल वगळला आहे हे खरे, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्या वगळणुकीत येत नाही. म्हणजे मी ग्राहक आहे. मी राहते त्याच जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मला तक्रार करता येते, तिची मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही.

मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग कागद जमवायला घेतले. तेव्हा त्या पाकिटांचे दुसरे वैगुण्य दिसले : बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता नाही, माल बाहेरचा असेल तर कोणत्या देशातला ते नाही, महिना-वर्ष नाही, कमाल किंमत नाही, तक्रारीचा नंबर नाही. 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे हे सारे पाकिटावर असावे लागते, आणि नसेल तर त्याची तक्रार आपल्याकडे नापतौल, म्हणजे वजनमापे, विभागाकडे करता येते. तीही मी केली. हे पाच तपशील मी पैसे देण्यापूर्वी शोधले असते तर फसवणूक तिथेच ध्यानात आली असती, आणि त्याला मोजून अर्धा मिनिट लागला असता.

सध्या पार्लरमध्ये कोटा लादी परत आली आहे. तिच्या शेजारी मी स्टीलचा, चमचे ठेवायचा उभा स्टँड ठेवला आहे, ज्यात टाँग आणि क्रिम्पर तोंड खाली करून उभे राहतात. स्टील बाहेरूनही तापते, म्हणून तो कट्ट्याच्या आतल्या बाजूला, ग्राहकाच्या खुर्चीपासून लांब असतो. पिन काढल्याशिवाय काहीही त्यात जात नाही आणि पूर्ण गार झाल्याशिवाय काहीही ड्रॉवरमध्ये जात नाही. वायर उपकरणाभोवती आवळून गुंडाळणेही मी बंद केले आहे, कारण त्याने ती मुठीजवळ आतून तुटते. आता सैल वेटोळे करून त्यावर कापडी पट्टी लावते. पुढे कधी सिलिकॉनचे पाऊच घेतलेच, तर नमुना नव्हे, मला मिळणारे पाकीट उघडून, त्यातल्याच पाऊचमध्ये माझा स्ट्रेटनर ठेवून बघेन.

आयोगासाठीचा अर्ज लिहून झाला आहे. सोबत एस्टिमेटची चिठ्ठी, यूपीआयची नोंद, मदतनीस मुलीच्या बोटाचा फोटो आणि न वापरलेली दोन पाऊच आहेत. एक प्लेट खरवडलेली आणि दुसरीवर राखाडी थर तसाच बसलेला तो स्ट्रेटनर कागदी पिशवीत घालून मी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवला आहे, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : पुसू नये.