गंजगोलाईतील वाइंडिंगचे दुकान आणि आमचे जुने व्हिडिओ गेमचे मशीन

औसा येथील आमच्या दुकानात वडिलांनी हौसेने ठेवलेले, जाडजूड पिक्चर ट्यूबचे व्हिडिओ गेमचे मशीन दिवाळीनंतर कधी चालू करताक्षणी, तर कधी वीसेक मिनिटे चालून बंद पडू लागले. दर वेळी मशीनमागच्या ६ अँपिअरच्या एमसीबीचा (जास्त करंट गेल्यास वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचचा) खटका पडलेला असे. आधी बोलावलेल्या एका वायरमनने १६ अँपिअरची एमसीबी बसवण्याचा सल्ला दिला होता. मशीनमधील वायर बारीक असल्याने खटका पडण्याआधी तीच जळेल, म्हणून तो मला पटला नाही, म्हणून मी लातूरच्या गंजगोलाईतील मोटार वाइंडिंगच्या एका दुकानात गेलो.

तेथील मिस्त्रींचा पहिलाच प्रश्न होता, "खटका लगेच पडतो का वेळाने?" लगेच पडतो तो एमसीबीतील चुंबकीय यंत्रणेमुळे आणि वेळाने पडतो तो तापून वाकणाऱ्या दोन धातूंच्या (बायमेटल) पट्टीमुळे, म्हणून हा प्रश्न मोलाचा. आमच्या औशाच्या दुकानात येऊन त्यांनी क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारे यंत्र) लावला, तेव्हा चालू मशीन एक अँपिअरही घेत नव्हते. मग प्लग काढून त्यांनी एमसीबी सोडवली: एका टर्मिनलचा स्क्रू सैल, भोवतीचे प्लास्टिक तपकिरी, तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. सैल जोड तापून ती उष्णता पट्टीपर्यंत पोहोचे आणि वेळाने खटका पडत होता.

चालू करतानाच्या खटक्याचे कारण वेगळे निघाले. सुरुवातीला ट्यूबची डिगॉसिंग कॉइल (पडद्याचे रंग बिघडवणारे चुंबकत्व घालवणारी तारेची गुंडाळी) आणि पॉवर सप्लायचे वीज साठवणारे कपॅसिटर क्षणभर जास्त करंट ओढतात, आणि जुनी एमसीबी बी प्रकारची, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या तीन ते पाच पट करंटला लगेच पडणारी होती. "विहिरीवरची मोटार उठताना झटका घेते ना, तसंच हे," असे सांगून त्यांनी सी प्रकारची, पाच ते दहा पटीला पडणारी, पण ६ अँपिअरचीच एमसीबी बसवली आणि वायरचे जळके टोक कापून नवी लग (तारेच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबली.

माझा पुतण्या आत डोकावताच त्यांनी त्याला हात धरून बाजूला केले. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावले. ही काळजी मला कामाइतकीच महत्त्वाची वाटली.

एमसीबी व मजुरी मिळून ६५० रुपये झाले, पक्के बिल मिळाले. तक्रार एकच: हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस असल्याने दुकानात जळालेल्या मोटारींची रांग होती आणि त्यांना यायला आठ दिवस लागले. घाई असल्यास या हंगामात तेथे जाऊ नये. एरवी निःशंक जावे.