वाकणाऱ्या मानेचा मोबाईल स्टँड, आठ महिने वापरून (आणि मांडे कसे शिकले ते)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे, ज्यांना फक्त घ्यावा की नाही एवढंच पाहिजे त्यांनी सरळ खाली जा.

स्टँड म्हणजे तो टेबलाला चिमटा लावून बसवायचा, वर हातभर लांब वाकणारी मान आणि टोकाला मोबाईल धरायचा पंजा, गूजनेक म्हणतात तो. 399 ला ऑनलाइन मागवला, जून 2020 मध्ये. कंपनीचं नाव सांगत नाही, तसंही डब्यावर नाव धड नव्हतंच. खरं तर एप्रिलमध्येच पाहिजे होता पण करोनाचं लॉकडाऊन, आमचा जळगाव जिल्हा रेड झोनमध्ये, मे महिना अर्धा होईपर्यंत किराणा-औषधं सोडून ऑनलाइन काही येतच नव्हतं.

मी भुसावळला राहते, माहेर धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या बाजूला एक गाव. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात लेकीबाळींचा सण, दिवाळीला एकवेळ नाही गेलं तर चालतं पण आखाजीला माहेर पाहिजेच, झोका, आमरस, खापरावरचे मांडे (हातावर पसरवून मातीच्या पालथ्या खापरावर भाजलेली मोठी पातळ पुरणपोळी), सगळ्या बहिणी एकत्र. 2020 ला आखाजी 26 एप्रिलला आली आणि सगळं बंद. रेल्वे बंद, एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस. आमचे हे रेल्वेत, मालगाड्या चालूच होत्या म्हणून ह्यांना सुट्टी नाही, आणि मी घरात तीन माणसांचा स्वयंपाक करून भिंतीकडे बघत बसलेली.

त्या दिवशी व्हिडिओ कॉल केला. व्हॉट्सॲपच्या कॉलवर तेव्हा चारच जण मावायचे आणि आम्ही बहिणी-चुलतबहिणी मिळून पाच, वर माय. म्हणजे दोघी बाहेर, मग पाळीपाळीने आत-बाहेर. (एप्रिल संपता संपता चाराचे आठ झाले, पण आमची आखाजी होऊन गेली होती.) आखाजीची गाणी म्हणायला घेतली तर सुरतवालीचा आवाज दोन सेकंद मागे, पुण्यावालीचा त्याच्याही मागे, माय पुढच्या ओळीवर पोचलेली, असा गोंधळ की हसून हसून पोट दुखलं. पण हसणं संपल्यावर काय, जेवल्या का, हो जेवलो, ऊन किती, खूप, बरं ठेवते. रोज हेच. पाच मिनिटात बोलणं संपायचं आणि ठेवल्यावर आणखीनच कसंतरी व्हायचं.

म्हणून मी मायला म्हटलं, मला मांडे शिकव. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला मांडे येत नाहीत, येत नाहीत म्हणजे माहेरी आयते मिळायचे आणि सासरी सासूबाई करायच्या, त्या गेल्यापासून आम्ही पोळपाटावरच्या पुरणपोळ्यांवर भागवत होतो. खापर सासूबाईंचंच माळ्यावर होतं, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं, काढून धुतलं.

पहिला महिना स्टँड नसताना काय काय केलं ते विचारू नका. गव्हाच्या डब्याला टेकवून मोबाईल ठेवला तर मायला माझी हनुवटी आणि पंखा दिसायचा. मुलाला धरायला लावला तर दोन मिनिटात तो स्वतःच कॅमेऱ्यात वेडावून दाखवायला लागला. पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःचं आरशासारखं उलटं दिसतं, त्याच्यात मी डावा-उजवा हातच विसरायचे. माय वैतागून ओरडली, "तुना हात दखाड, तोंड नको दखाडू!" आमची अहिराणी अशीच आहे, सरळ.

हे तिचं वाक्य मला स्टँड आल्यावर खरं कळलं. पहिले दोन दिवस मी स्टँड समोर लावला, म्हणजे मायला माझे हात उलटे दिसायचे, ती म्हणायची डावीकडे ओढ, मी उजवीकडे. मग मान वाकवून मोबाईल माझ्या उजव्या खांद्यावरून खाली बघेल असा आणला आणि मागचा कॅमेरा लावला. आता तिला माझे हात तिच्या स्वतःच्या हातांसारखे दिसायला लागले. शिकायला-शिकवायला कोणी हा स्टँड घेत असेल तर एवढं लक्षात ठेवा, समोरून नाही, खांद्यावरून. हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

आणि गंमत म्हणजे मायकडे स्टँड नव्हताच. तिने काय केलं, चुलीजवळ शिंकाळं टांगलेलं असतं ना, दुधाचं पातेलं ठेवायचं, त्याच्यात भावाचा मोबाईल पालथा ठेवला, दोरीच्या फटीतून कॅमेरा खाली. खर्च शून्य, मान लवत नाही, काही नाही. थोडं डोलायचं तेवढंच. एकदा चुलीच्या धगीने मोबाईल तापून स्क्रीन बंद झाली, तेव्हापासून शिंकाळं परातीच्या बाजूला सरकवलं.

त्या शिंकाळ्यातून मला पहिल्यांदा दिसलं की माय मांडा हातावर घ्यायच्या आधी बांगड्या कोपराकडे वर सारते. दरवर्षी मी तिच्या शेजारी बसून रस खाल्लाय पण हे कधी बघितलं नव्हतं. माझा मांडा दर वेळी मनगटापाशीच फाटायचा, मी कणकेला दोष देत होते. मायला विचारलं तर म्हणे मी कुठे बांगड्या सारते, तिला स्वतःलाच माहीत नाही! म्हणजे तोंडी कृती सांगितली असती तर ही गोष्ट तिने जन्मात सांगितली नसती.

बाकी कणीक फडक्यातून चाळून घ्यायची, सैल भिजवून इतकी तिंबायची की ओढली तर तुटायच्या ऐवजी लांबली पाहिजे. पुरण भरून गोळा थापायचा आणि मग बोटांनी ओढायचं नाही, दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूवर झेलत फिरवायचं, स्वतःच्या वजनानेच तो कोपरापर्यंत पसरतो. लिहायला सोपं आहे. माझे पहिले नऊ मांडे खापरावर पोचायच्या आधीच गेले, दहावा पोचला तो मधे जळला आणि कडेला कच्चा, कारण गॅसची आच खापराच्या मधल्या भागालाच लागते. मग गच्चीवर तीन विटांची चूल मांडली. पावसाळा लागलेला होता म्हणून बरं, भुसावळच्या मे महिन्यात गच्चीवर चूल पेटवायची म्हणजे मांड्याबरोबर आपण पण भाजून निघालो असतो. ऑगस्टमध्ये पहिला अख्खा मांडा उतरला, गोल नव्हता, साधारण महाराष्ट्राच्या नकाशासारखा, पण फाटला नाही. घडी घालून कॅमेऱ्यापुढे धरला तर माय काहीच बोलली नाही, वहिनीला हाक मारून बोलावून आणलं.

ह्या सगळ्यात एक झालं, कॉल दोन-दोन तास चालायला लागला. बोलणं फार नाही. ती तिकडे भाजी निवडतेय, मी इकडे पीठ मळतेय, मधेच ती म्हणणार शेजारच्या घरची गाय व्याली, मग परत दहा मिनिटं शांत. कोणाला काय बोलू असं शोधावं लागायचं नाही. सुरतवाली बहीण नुसतीच कॉलवर येऊन मटार सोलत बसायची. रोजचा दीड जीबी दुपारीच संपायचा आणि संध्याकाळी मुलाच्या शाळेचा व्हिडिओ गोल गोल फिरत बसायचा, त्यावरून घरात भांडणं, ती वेगळी.

20 ऑगस्टला एसटी दुसऱ्या जिल्ह्यात सोडायला लागले तेव्हा सप्टेंबरमध्ये जाऊन आले, मास्क लावून, खिडकीशी बसून. मायने मला चुलीपुढे बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली, खांद्यावरून बघत.

आता स्टँडचं. चिमटा मजबूत आहे, ओट्याला आणि टेबलाला दोन्हीकडे बसतो, पण जाड कडाप्पा असेल तर आधी मोजून घ्या, माझ्या माहेरच्या ओट्याला बसलाच नाही. मान तीन महिने छान राहिली, मग लवायला लागली. माझा मोबाईल कव्हरसकट दोनशे ग्रॅमच्या वर आहे, सकाळी खांद्यावर लावला की अर्ध्या तासात परातीकडे झुकलेला, एकदा तर सरळ पुरणात डुबकी. (मोबाईल वाचला. पुरण आम्ही खाल्लं.) आता मानेला जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्यात, त्याने बरंच थांबलं. पंज्याचं रबर तेलकट हातांनी पाचव्या महिन्यात सुटलं, फेविक्विकने चिकटवलं. चिमट्याचा स्क्रू फिरून फिरून सातव्या महिन्यात गुळगुळीत झाला, विकणाऱ्याला मेसेज केला तर सुट्टा पार्ट मिळत नाही म्हणे नवीन घ्या, शेवटी सायकलवाल्याने दहा रुपयात त्याच मापाचा बोल्ट बसवून दिला आणि तो मूळच्यापेक्षा भारी आहे.

मुलाच्या ऑनलाइन शाळेला मात्र हा स्टँड अजिबात नको, मान हलते, पोराला हलवायला आणखी एक वस्तू मिळते. त्याच्यासाठी टेबलावर ठेवायचा साधा लोखंडी घडीचा स्टँड मिळतो तो बरा, तेव्हा शंभर रुपयात मिळायचा.

हलका फोन असेल आणि हाताचं काही शिकायचं असेल, भरतकाम, मेंदी, स्वयंपाक, तर घ्या, तीन स्टार. फोन जड असेल तर दोन. घरात शिंकाळं असेल तर आधी ते वापरून बघा.