‘पूर्ण वाळलेलं’ म्हणून गळ्यात मारलेलं ओलं लाकूड

यंदा नाताळला जवळच्या माणसांना स्वतः लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, कातलेले, झाडाला टांगायचे पोकळ गोळे द्यायचे ठरवलं होतं. त्यासाठी ऑनलाइन बारा ठोकळे मागवले. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘दोन वर्षं सावलीत वाळवलेलं, थेट लेथवर चढवा’. सोबत ओलावा मोजायच्या मीटरचा फोटो होता आणि त्यावर आकडा ९ टक्के. तरी फोन करून मी मुद्दाम विचारलं. “साहेब, ओलं निघालं तर पैसे परत,” असं विकणारा म्हणाला. मी त्याच्या शब्दावर विसंबलो.

ठोकळे आले ते सहाही बाजूंनी मेणात बुडवलेले. मेण लावण्यात गैर काही नाही. लाकूड टोकांकडून लवकर सुकतं आणि तडकतं, म्हणून टोकांना मेण लावतातच. पण सगळ्या बाजूंनी मेण असेल तर आतलं पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही. असा ठोकळा ‘ओला’ म्हणून विकला तर तो सरळ व्यवहार आहे. ‘वाळलेला’ म्हणून विकला तर ती फसवणूक आहे.

कातताना लाकूड स्वतःच सांगत होतं. गाऊज, म्हणजे कातायची पन्हाळी पटाशी, लावली की लांबच लांब, मऊ ढलप्या सुटत होत्या आणि हाताला गार लागत होत्या. धार छान लागलीय म्हणून मी खूश! पॉलिश पेपर दोन मिनिटांत चोंदत होता. लेथवर लाकूड पकडून ठेवणाऱ्या चकमधून गोळा काढला तेव्हा जबड्यांनी धरलेल्या जागी निळसर काळे डाग पडले होते. लाकडातलं टॅनिन (एक नैसर्गिक तुरट द्रव्य), लोखंड आणि पाणी एकत्र आलं की असे डाग पडतात. हे मला माहीत होतं, पण देण्याची तारीख जवळ आली होती. डाग घासून काढले आणि पुढे गेलो.

गोळ्यांची भिंत साधारण ३ मिलिमीटर ठेवली. गोळ्यांखाली लोंबणारे शोभेचे लोलक माझ्याकडच्या जुन्या, खरोखर वाळलेल्या काळसर लाकडाचे कातून तळाच्या भोकात गोंदाने बसवले, लाखेचं पॉलिश दिलं आणि लगेच पार्सलं रवाना केली.

दहाव्या दिवशी बहिणीचा मेसेज आला: “दादा, काल रात्री टक्कन आवाज झाला. सकाळी बघते तर गोळ्याला चीर. माझ्या हातून काही झालं का रे?” फोटोत लोलकाच्या भोकापासून निघालेली भेग गोळ्याच्या निम्म्यापर्यंत गेली होती. ते वाक्य मला फार लागलं. फसवणूक माझी झाली होती आणि अपराधी तिला वाटत होतं. पुढच्या आठवड्याभरात आणखी सात गोळे गेले.

एक ठोकळा शिल्लक होता. तो मधोमध कापून पातळ चकती घेतली. वजन ४६ ग्रॅम. १०३ अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवली, तर ३६ ग्रॅम भरली. कोरड्या लाकडाच्या हिशेबात हा ओलावा जवळपास २८ टक्के होतो. घरात राहणाऱ्या वस्तूला साधारण ८ ते १२ टक्के लागतो. लाकडाचं आकसणं सुरूच मुळी ३० टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे जवळजवळ सगळं आकसणं अजून बाकी होतं. शिवाय वाढीच्या कड्यांच्या दिशेने लाकूड गाभ्याच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसतं. त्यामुळे गोल भोक लंबगोल होत गेलं, आतला वाळलेला लोलक तसूभरही हलेना, आणि भिंत फाटली.

हे सगळं फोटोंसह विकणाऱ्याला पाठवलं. आधी म्हणाला, “लाकूड जिवंत असतं, तुमच्या हवेचा दोष.” मग म्हणाला, “कापलेला माल परत घेत नाही.” आणि शेवटी नंबर ब्लॉक केला. खरी मेख इथेच आहे: कापल्याशिवाय ओल दिसत नाही आणि कापलं की माल परत जात नाही. जाहिरातीतला मीटरचा फोटो मग नीट पाहिला. त्या ठोकळ्याच्या कोपऱ्यात ठसठशीत गाठ होती. माझ्या बारापैकी एकातही नव्हती. आणि मीटर माझ्याच ठोकळ्यावर टेकवलेला असता तरी त्याच्या सुया जेमतेम काही मिलिमीटर आत जातात. वरचा थर कोरडा आणि गाभा ओला, असं सहज असू शकतं.

म्हणून कळकळीने सांगतो, भेटवस्तूसाठी लाकूड घेताना आधी एकच ठोकळा मागवा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, ‘कापून तपासल्यावरही परत घेऊ’ हे लेखी घ्या, आणि तक्रार करता येईल अशाच मार्गाने पैसे द्या. ठोकळा मधोमध कापा आणि ताज्या कापावर मीटर लावा. मीटर नसेल तर मेण खरवडून तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवडाभर रोज तोला. वजन सारखं उतरत असेल तर लाकूड ओलं आहे, विकणारा काहीही म्हणो. ओलं लाकूड वाया जात नाही. जाडसर कातून बाजूला ठेवायचं, वजन स्थिरावलं की मग बारीक कातायचं.

बहिणीसाठी नवा गोळा तसाच जाडसर कातून फळीवर ठेवलाय. त्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहीत जातो. कालही तो दोन ग्रॅमनी उतरला.