एससीडी३० कार्बन डायऑक्साइड सेन्सर: खोलीसाठी पास, वर्षानुवर्षांच्या नोंदीसाठी अटी लागू

मौना लोआसारखी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद आपल्याही गच्चीवर ठेवू, असं ठरवून सेन्सिरियन कंपनीचा एससीडी३० सेन्सर मागवणार असाल, तर ऑर्डर टाकण्याआधी एक हिशेब करा. हवाई बेटावरच्या त्या वेधशाळेत, ३,३९७ मीटर उंचीवर, चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्या नोंदी मार्च १९५८ मध्ये सुरू झाल्या. १९५९ ची सरासरी ३१६ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३१६ भाग) आसपास, २०२४ ची ४२४.६. अलीकडची वाढ वर्षाला साधारण अडीच पीपीएम. आणि एससीडी३० च्या डेटाशीटवर अचूकता दिली आहे ± (३० पीपीएम + रीडिंगच्या ३ टक्के). ४२५ वर ती होते ± ४३. सतरा वर्षांची वाढ नुसत्या चुकीच्या मर्यादेत मावली!

तरीही माल चांगला आहे. रिपीटेबिलिटी, म्हणजे तीच हवा पुन्हा मोजली तर पडणारा फरक, ± १० पीपीएम, त्यामुळे एकाच ठिकाणचा चढउतार तो नीट पकडतो. खिडक्या बंद असलेला वर्ग, पॉलिहाऊस, वाळव्याकडच्या उसाच्या फडात रात्री साचणारा आणि उन्हं वर आली की उतरणारा कार्बन डायऑक्साइड, अशा कामाला तो भरवशाचा. आतमध्ये दोन चॅनलचं खरं इन्फ्रारेड मोजमाप आहे, तापमान आणि आर्द्रताही मिळते. ३.३ ते ५.५ व्होल्टवर चालतो, सरासरी १९ मिलिअँपिअर खातो. पण आतल्या इन्फ्रारेड दिव्याच्या झपक्याला ७५ लागतात, तेव्हा मरतुकड्या यूएसबी चार्जरवर विसंबू नका.

मुख्य अडचण आहे ‘एएससी’ची, म्हणजे आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनची (रीडिंग ज्ञात आकड्याशी जुळवण्याची). ही सोय चालू असली की सेन्सर काही दिवसांतलं सगळ्यात खालचं रीडिंग शोधतो आणि ती ४०० पीपीएमची बाहेरची ताजी हवा आहे असं धरून स्वतःला जुळवून घेतो. पण बाहेरची हवा ४०० कधीच ओलांडून गेली. त्यामुळे आज सगळी रीडिंग पंचवीसेक पीपीएम कमी दिसणार, आणि त्याहून वाईट म्हणजे वाढ कधी दिसणारच नाही. हवेत दरवर्षी भर पडतेय आणि यंत्र तिला दर आठवड्याला ४०० वर आणून बसवतंय. भाजीची पाटी काट्यावर तशीच ठेवून दर वेळी शून्य मारण्यातला हा प्रकार. हा सेन्सर १९५८ पासून मौना लोआवर एएससीसकट चालला असता, तर कीलिंग यांचा चढता आलेख आपल्याला सपाट मिळाला असता.

शिवाय एएससीला सुरुवातीचे सात दिवस अखंड वीज आणि रोज किमान तासभर ताजी हवा लागते. मध्ये लाइट गेली की पहिल्यापासून. ग्रामीण फीडरवर हे जमवायचं तर बॅटरी बॅकअप हवाच. दीर्घकालीन नोंदीसाठी एएससी बंद ठेवा आणि हातानं कॅलिब्रेशन करा.

ते असं करायचं. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर किंवा चाळकेवाडीच्या पठारावर, रस्त्यापासून लांब, दुपारी वारा वाहता असताना जा. पहाटे नको, तेव्हा दऱ्याखोऱ्यांत हवा साचलेली असते. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा सगळ्यात स्वच्छ. गोव्यात काबो द रामाच्या किनाऱ्यावर १९९३ पासून बाटल्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेकडे तपासणीला जायची, तिथंही या वाऱ्याचा फायदा होता. फक्त पाऊस आणि धुकं टाळा, सेन्सरवर दव धरता कामा नये. मोजणी दोन सेकंदांच्या अंतरानं लावा. डेटाशीट दोन मिनिटं म्हणते, पण सेन्सरच्या डब्याचं तापमान स्थिरावेपर्यंत दहा मिनिटं द्या. मग मौना लोआची त्या महिन्याची सरासरी संदर्भ म्हणून भरा. आपल्याकडची हवा तिच्यापेक्षा काही पीपीएमनं वेगळी असेल, पण ± ४३ च्या यंत्राला तेवढं चालून जातं. आपण वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहायचं. उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम असतो. डब्यावर वाकून स्क्रीन वाचली की कॅलिब्रेशन गेलंच. येताना डबा मांडीवर घ्या, हादऱ्यांनीही शून्य सरकतं.

दुसरा घोळ हवेच्या दाबाचा. इन्फ्रारेड सेन्सर रेणू मोजतो, आणि उंचावर त्याच जागेत रेणू कमी. समुद्रसपाटीला १,०१३ हेक्टोपास्कल धरले तर सांगलीला साधारण ९५०, साताऱ्याला ९३०, महाबळेश्वरला ८६०. उंची न भरता सेन्सर लावला, तर ४२५ ची हवा साताऱ्यात ३९० दिसेल आणि महाबळेश्वरला ३६० किंवा त्याहून कमी. मग लोक खूश, आमच्याकडची हवा शुद्ध! उंचीची सेटिंग एकदा भरली की सेन्सरमध्ये टिकते, पण नोंद ठेवायची तर तीही पुरेशी नाही: दाब १० हेक्टोपास्कलनं हलला की रीडिंग सुमारे ४ पीपीएमनं हलतं, म्हणजे वर्षाच्या वाढीपेक्षा जास्त. शेजारी हवेचा दाब मोजणारा एक बीएमपी२८० सेन्सर लावा आणि त्याचं रीडिंग तासातासाला एससीडी३० ला द्या. दाब दिला की तो उंचीची सेटिंग बाजूला ठेवतो. मोबाइलच्या हवामान अॅपमधला आकडा मात्र भरू नका. तो समुद्रसपाटीला आणलेला असतो, साताऱ्यात त्यानं ऐंशीएक हेक्टोपास्कलची चूक होते.

पावसाळ्यात आणखी एक. साताऱ्यात २५ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर हवेत तीन टक्क्यांहून थोडी जास्त वाफच असते. कोरड्या हवेतले ४२५ ओल्या हवेत ४११ भरतात. मौना लोआचे आकडे हवा वाळवून काढलेले असतात, म्हणून श्रावणातलं आपलं रीडिंग थेट त्यांच्या शेजारी मांडू नये.

मौना लोआचं यंत्र काही वेगळ्या जादूचं नव्हतं. अमेरिकेची नोआ संस्था तिथं २०१९ पर्यंत इन्फ्रारेड शोषणावरच मोजत होती. फरक आहे तो ज्ञात प्रमाणाच्या संदर्भ वायूच्या सिलिंडरांचा, ज्यांतला वायू मोजणाऱ्या यंत्रातून नेमानं सोडला जातो, आणि दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याचे किंवा ज्वालामुखीच्या धुराचे तास सरासरीतून गाळण्याचा. २०२२ च्या उद्रेकात लाव्ह्यानं रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा मोजणी काही महिने शेजारच्या मौना केआवर हलवावी लागली होती.

एससीडी३० रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडणार असाल तर आय-टू-सी चा (दोघांना जोडणाऱ्या तारांवरच्या संवादाचा) वेग ५० किलोहर्ट्झ किंवा त्याखाली ठेवा, नाहीतर क्लॉक स्ट्रेचिंगमुळे, म्हणजे सेन्सर संगणकाला थांबवून धरतो त्यामुळे, मधूनच रीडिंग गायब होतात. डबा पांढरा, झडपांचा, जाळी लावलेला. मुंग्या ऊब शोधत आत येतातच. सेन्सरवरच्या सोनेरी कोशावर बोट दाबू नका.

स्वस्त पर्याय म्हणून ‘ईसीओटू’ लिहिलेली मीटरं मिळतात. त्यांत कार्बन डायऑक्साइड मोजलाच जात नाही, इतर वायूंवरून अंदाज बांधतात. दुकानात तपासायचं तर शेजारी सॅनिटायझरची बाटली उघडा. आकडा उसळला तर ते मीटर परत द्या.