परीक्षेची सिस्टीम: स्वतः लिहायची की मूडल लावायचं?

क्लासवाल्या सरांचा फोन येतो. "ऑनलाइन टेस्ट सिरीज चालू करायचीय. फॉर्म भरण्यापासून निकालापर्यंत सगळं पाहिजे. किती घेणार?" फोन ठेवायच्या आत आपल्या डोक्यात डेटाबेसची टेबलं मांडायला सुरुवात झालेली असते. विद्यार्थी, प्रश्न, पर्याय, उत्तरं. चार टेबलांचं तर काम! मलाही तसंच वाटलं होतं. सांगली, मिरज, इस्लामपूर भागातल्या क्लासेससाठी मी दोन्ही करून बसलोय. लारावेलमध्ये (वेबसाइटचा कोड लिहायचं फ्रेमवर्क) स्वतः लिहिलेली सिस्टीम दिलीय आणि मूडल (ऑनलाइन शिकवणी-परीक्षेचं फुकट मिळणारं तयार सॉफ्टवेअर) लावूनही दिलंय. माझे क्लायंट मात्र छोटे, एका वेळी दोन-अडीचशे पोरं. दहा हजारांची परीक्षा घेणाऱ्याने माझ्या अनुभवावर जाऊ नये.

मूडल म्हणजे काय ते याहून जास्त सांगत बसत नाही. लारावेलही तुम्हाला येत असणारच.

आधी नोंदणीचं बोलतो, कारण तिथे माझ्या मनात शंका नाही. नोंदणी स्वतःच लिहा. मूडलच्या नेहमीच्या नोंदणीला ईमेल लागतो आणि खातं चालू करायची लिंकही ईमेलवरच जाते. आमच्याकडच्या पालकांचा ईमेल मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतो, तोही आता आठवत नाही. त्यामुळे ओळख मोबाइल नंबरवर ठेवावी लागते. इथे मी एक माती खाल्ली होती ती सांगून ठेवतो: मोबाइलचा रकाना युनिक केला होता, म्हणजे एक नंबर एकदाच चालेल असा. एका घरातली दोन भावंडं, नंबर आईचा एकच. थोरलीचा फॉर्म भरला गेला, धाकट्याला सिस्टीमने दारातूनच परत पाठवलं. ओटीपी ठेवणार असाल तर एसएमएसची डीएलटी नोंदणी (असे मेसेज पाठवण्याआधी करावी लागणारी) क्लासच्या नावावर पहिल्याच दिवशी सुरू करायला सांगा. कोड तयार होऊन पडतो आणि मेसेजच्या मजकुराचं टेम्प्लेट मंजूर व्हायची वाट बघत बसावं लागतं.

पैशाचंही तसंच. मूडलसोबत पेमेंटसाठी पेपाल येतं. गावातल्या पालकाला यूपीआय हवं. तो पैसे भरतो, यूपीआय ॲपमधून ब्राउझरकडे परत येतच नाही, मोबाइल खिशात टाकतो. पैसे कापले, फॉर्म मात्र पेंडिंग. पेमेंट गेटवेचा वेबहुक, म्हणजे 'पैसे मिळाले' असा थेट सर्व्हरला येणारा निरोप, आल्यावरच फॉर्म पक्का करायचा, पान परत येण्यावर विसंबायचं नाही, हे स्वतःच्या कोडमध्ये नीट बसवता येतं. फोटोचा आकारही ब्राउझरमध्येच कमी करून घेता येतो. '५० केबीपेक्षा कमी' अशी सूचना लिहून पालकांना सायबर कॅफेत पाठवायची गरज राहत नाही.

आणि प्रवेशपत्र. मराठीत नाव छापायचं असेल तर पीडीएफची लायब्ररी बघून घ्या. माझ्या पहिल्या प्रवेशपत्रांवर 'क्षितिज'चं 'क् षतिजि' झालं होतं. लायब्ररी अक्षरं आली त्या क्रमाने ठेवत होती, जोडाक्षर नाही आणि वेलांटी भलत्याच अक्षराला. मूडलच्या आत टीसीपीडीएफ आहे, तिचीही तीच गत. एमपीडीएफ या दुसऱ्या लायब्ररीत ओटीएल (फॉन्टमधले अक्षरं जोडायचे नियम) चालू केलं की नाव सरळ येतं. मुलाच्या बापाला सर्व्हरशी देणंघेणं नसतं, पण पोराच्या नावाची वेलांटी चुकलेली त्याला लगेच दिसते.

आता खरी तुलना, म्हणजे परीक्षेचा भाग.

स्वतः लिहिण्याच्या बाजूने बरंच आहे, उगाच नाही म्हणणार नाही. क्लासवाल्यांना स्क्रीन 'अगदी सीईटीसारखी' हवी असते. उजवीकडे आकड्यांचे रंगीत चौकोन, सोडवलेला हिरवा, पाहून सोडलेला लाल, पुन्हा बघायचा जांभळा. मूडलमध्ये आकड्यांचा चौकट-ब्लॉक आहे, प्रश्नाला झेंडाही लावता येतो, पण ते रूप आणायला थीमशी झटापट करावी लागते. दुसरं, एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीची ९० मिनिटं संपल्यावर गणिताची ९० सुरू होतात. मूडलच्या एका क्विझमध्ये भागागणिक वेगळी वेळ देता येत नाही. मी दोन क्विझ करून एकीला दुसरीच्या मागे बांधतो. चालतं, पण ते ठिगळ आहे हे कळतं.

निगेटिव्ह मार्किंगचं तर विचारूच नका. संपूर्ण पेपरला एकदा '२५ टक्के वजा' असं सांगायची सोय मूडलमध्ये नाही. प्रत्येक प्रश्नाच्या प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वजा गुण द्यावे लागतात. शंभर प्रश्न म्हणजे तीनशे चुकीचे पर्याय. हातानं करणारा वेडा होईल. मी एक्सेलमधून गिफ्ट फॉरमॅटची (मूडलमध्ये प्रश्न एकदम भरायची) फाइल बनवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवलीय, ती चुकीच्या पर्यायापुढे ~%-25% लावून देते. त्यातही गंमत अशी, की गिफ्टमध्ये = या चिन्हाचा अर्थ 'बरोबर उत्तर'. गणिताच्या सरांच्या प्रश्नात बरोबरची चिन्हं पावलोपावली. पहिल्या आयातीत अर्धा पेपर अडकला, मग प्रत्येक चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ (\) घालायला स्क्रिप्टला शिकवलं. (सरांनी प्रश्न श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून दिले असतील तर ते युनिकोडमध्ये आणायचं काम दोन्हीकडे सारखंच आहे. त्याचे पैसे वेगळे लावा.)

शिवाय मूडलला क्रॉन (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मिनिटामिनिटाला चालता हवा, अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असलेल्या शेअर्ड होस्टिंगवर मूडल दमतं, आणि सेटिंग्जची पानं इतकी की क्लासच्या मॅडमना स्क्रीनशॉट काढून वही बनवून द्यावी लागली. एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग स्वतःच लिहितो. थांबा.

माझी लारावेलची पहिली सिस्टीम. रविवार, ११ वाजता स्पर्धा परीक्षेचा सराव पेपर, शंभर प्रश्न, दोन तास. मी घरी. १ वाजून २ मिनिटांनी सरांचा फोन: "अहो, पोरांच्या स्क्रीनवर चारशे एकोणीस आलंय. हे मार्क आहेत का?"

मार्क नव्हते. ४१९, पेज एक्स्पायर्ड, म्हणजे पानाची मुदत संपली. लारावेलचं सेशन (सर्व्हर त्या पोराला ओळखतो तो काळ) काही बदललं नाही तर १२० मिनिटं टिकतं, म्हणजे शेवटच्या रिक्वेस्टपासून १२० मिनिटं. माझ्या सिस्टीममध्ये पेपर उघडला की सगळे प्रश्न एकदम ब्राउझरमध्ये यायचे, उत्तरंही तिथेच साठायची आणि शेवटी एकच सबमिट. मधल्या काळात सर्व्हरकडे काहीच जात नव्हतं. पेपर दोन तासांचा, सेशन दोन तासांचं. दहा मिनिटं आधी उठलेल्यांचे पेपर जमा झाले. जी पोरं शेवटच्या सेकंदापर्यंत बसली, म्हणजे जी मन लावून सोडवत होती, नेमकी त्यांचीच उत्तरं गेली. काहींनी मागे जायचं बटण दाबलं तर उत्तरं परत दिसली, बाकीच्यांची कायमची गेली. चूक लारावेलची नाही, माझी. मी तपासताना पेपर दहा मिनिटांचा ठेवला होता. दोन तास कोण बसणार?

सेशन वाढवलं. मग प्रत्येक उत्तर निवडल्या निवडल्या सर्व्हरवर साठवायला लागलो. मग कळलं, नेट गेलं की ते साठवणं गुपचूप फसतं आणि पोराला पत्ताच नसतो. तेही दुरुस्त केलं. त्यानंतरच्या पेपरला एका मुलाने पेपर उघडला आणि तो लगेच जमा झाला. त्याच्या मोबाइलचं घड्याळ अडीच तास पुढे होतं. गेम खेळताना 'लाइफ' लवकर मिळावी म्हणून पुढे केलेलं. मी पेपर संपायची वेळ सर्व्हरवरून घेत होतो, पण 'आत्ता किती वाजले' ते मोबाइललाच विचारत होतो.

ही प्रत्येक गोष्ट दुरुस्त होते. अवघड एकही नाही. वैताग असा, की प्रत्येक गोष्ट कळायला एक रविवार आणि कुणातरी पोराचा पेपर जातो. मूडलचं १.० २००२ साली आलं, हे रविवार जगभरातल्या लोकांनी आधीच घालवून झालेत. उत्तरं दर मिनिटाला आपोआप साठतात. घड्याळाला सर्व्हर 'इतके सेकंद उरले' एवढंच सांगतो, मोबाइलमध्ये किती वाजलेत याने फरक पडत नाही. लाइट गेली, तर पोरगं दुसऱ्या मोबाइलवरून लॉगिन करून तोच पेपर पुढे सोडवतं. एकट्या मुलाला वीस मिनिटं वाढवून द्यायची असली तर ओव्हरराइड आहे. उत्तरतालिका चुकली तर दुरुस्त करून सगळ्यांचं रीग्रेड, म्हणजे गुण पुन्हा मोजणं, एका बटणावर. हे सगळं स्वतः लिहिता येईल, पण कोटेशनमध्ये यातलं काहीच नसतं.

माझ्यापुरता तोडगा असा: नोंदणी, पैसे, प्रवेशपत्र लारावेलमध्ये, आणि पैसे पक्के झाले की मूडलमध्ये खातं आपोआप तयार. चार जीबी मेमरीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या स्वतंत्र सर्व्हरवर) माझी दोन-अडीचशे पोरं निभावतात. एका पानावर पाच प्रश्न ठेवतो आणि 'लॉगिन साडेदहालाच करा' असा मेसेज टाकतो, म्हणजे ११ च्या ठोक्याला सगळे एकदम दारात येत नाहीत. तुमच्याकडे गर्दी वेगळी असेल, आकडे तुमचे तुम्ही बघा.

पैशाच्या बाबतीत मूडल थोडं मागे पडतं, हे कबूल. "फुकटचं सॉफ्टवेअर आहे म्हणे, मग एवढे कशाचे?" हे ऐकावं लागतं. स्वतःच्या कोडला आकडा मोठा लावता येतो. ज्याला सीईटीची हुबेहूब स्क्रीनच विकायचीय आणि वर्षभर त्याच एका सिस्टीमवर बसायची तयारी आहे, त्याने जरूर स्वतः लिहावी.

माझी जुनी सिस्टीम अजून एका क्लासकडे चालू आहे. ते बदलायला तयार नाहीत, चौकोनांचे रंग त्यांना आवडतात. त्यांचा पेपर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो. त्या दिवशी बायको मला जेवायला बाहेर जाऊया म्हणत नाही.